वांगासाठी केमिकल पील: कुणी केलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४३, राहते नेरुळला. दोन्ही गालांवर वांग (काळपट-तपकिरी डाग) आहे, चेहराही निस्तेज झालाय. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ग्लायकोलिक ॲसिडचं हलकं पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढतात ते) सुचवलंय, दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा. आपल्या सावळ्या त्वचेवर खोल पील केलं तर उलट काळे डाग पडू शकतात, म्हणून हलकंच, असं त्या म्हणाल्या. रेटिनॉलची क्रीमही आधी आठवडाभर बंद.

अडचण उन्हाची. नोकरी ठाण्यात, स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालत. सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावायचं म्हणतात, पण आपल्याकडच्या घामात ते टिकतं का? कुठलं वापरता? की पावसाळा सुरू होईपर्यंत थांबू?

साल किती दिवस निघत होती? त्या दिवसांत ऑफिसला गेलात का? आणि मुख्य म्हणजे, वांग परत आलं का?

पार्लरमध्ये निम्म्या पैशांत होतं, हे माहीत आहे. नको. (सासूबाईंचा मसूरडाळ-सायीचा लेप चालूच आहे, त्यावर वाद नको!)

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. शेवटचं पील त्याआधी किती दिवस उरकावं?