बडोदा–बंगळूर विमान: एक तिकीट स्वस्त, चार घेतली की महाग. असं का?

दांडियाबाजारवाली
नमस्कार मंडळी. 4 जानेवारीला बंगळूरला लेकीचं डोहाळजेवण. जाणार आम्ही चौघं: मी, हे, धाकटा आणि 81 वर्षांच्या सासूबाई. काल रात्री एकाचं भाडं पाहिलं, 5,210. चौघांची नावं भरायला घेतली तर माणशी 6,480! परत एकाचं पाहिलं, पुन्हा 5,210. ह्यांचं म्हणणं, आपण सारखं बघतो ते मोबाइलला कळतं आणि तो भाव चढवतो. हिस्टरी पुसली, धाकट्याच्या फोनवरून पाहिलं, आकडा तोच. अहमदाबादहून 4,400 दिसतंय, तिथून जावं का? येताना 13 तारीख धरलीय, उत्तरायणाला घरी हवं ना. पण ते भाडं बघवत नाही.

मांजलपूरकर
मोबाइल बिचारा निर्दोष आहे. तिकिटं काढून देण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, सांगतो. इकॉनॉमीच्याच जागा वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. 5,210च्या कप्प्यात दोन-तीनच उरल्या असणार. तुम्ही एकदम चार मागता, मग चारही जिथे मिळतील तो वरचा कप्पा उघडतो आणि चौघांनाही तोच भाव लागतो. आधी दोन, मग तीन टाकून बघा, भाव कुठे उडी मारतो ते कळेल. तेवढी आधी काढा, उरलेलं वेगळं.

पण सासूबाईंना एकट्या पीएनआरवर टाकू नका हं. विमान रद्द झालं तर दोन पीएनआरची सोय दोन वेगळ्या विमानांत लागू शकते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

अलकापुरी७
अहमदाबादचा मोह आम्हालाही झाला होता. पहाटेचं विमान, रात्री अडीचला घर सोडलं. शंभरहून जास्त किलोमीटर टॅक्सी, वर एक्सप्रेसवेचा टोल. वाचलेलं सगळं तिथेच गेलं, झोप गेली ती वेगळी. तुम्हाला आपलं हरणी विमानतळ दोन रिक्षांत.

आणि 13ला कशाला येता? पतंगांसाठी सगळं गुजरात त्याच दिवशी घरी परततं. 16ला या, नाहीतर आठवडाभर आधी.

कारेलीबागेतून
भाडं पहिल्या पानावर बघू नका, पैसे भरायच्या पानावर बघा. कन्व्हिनियन्स फी तिथे डोकं वर काढते. आणि तिकीट रद्द करावं लागलं तर यूडीएफसारखे विमानतळाचे कर परत मागा, ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी ते मिळतात. आमच्या एजंटाने गेल्या वर्षी “काहीच मिळत नाही” म्हणून हात झटकले. दोन मेल लिहिल्यावर मिळाले.

दांडियाबाजारवाली
मांजलपूरकर, अगदी तसंच निघालं! तिघांपर्यंत 5,210, चौथ्याला उडी. सासूबाई, मी आणि हे एका पीएनआरवर, धाकटा 6,480ला वेगळा (तो खूशच आहे). एकूण 22,110, म्हणजे 3,810 वाचले. ह्यांनी अजून मोबाइलची माफी मागितलेली नाही.

16 तारीख मात्र सासूबाईंनी उडवून लावली. लग्न होऊन बडोद्यात आल्यापासून त्यांचं एकही उत्तरायण गच्चीशिवाय गेलेलं नाही. म्हणून 8ला परत. “चारच दिवस?” म्हणून लेक फुगलीय. तिच्यासाठी दोन किलो लीलो चेवडो नेतेय, माणशी 15 किलोत बसवायचं काम ह्यांच्याकडे दिलंय.