मालदीवच्या दूरच्या बेटावर राहताना हाफ बोर्ड घ्यावे की फुल बोर्ड?

खारावारा
येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे मालदीवमधील एका दूरच्या बेटावर सहा रात्री राहणार आहोत. बेटावर रिसॉर्टखेरीज काहीही नाही आणि माले विमानतळावरून तेथे सी-प्लेनने जावे लागते. न्याहारी आणि रात्रीचे जेवण मिळणारे हाफ बोर्ड घ्यावे, की दुपारच्या जेवणासह फुल बोर्ड घ्यावे, हे ठरत नाही. सलग सहा दिवस एकाच बुफेचा कंटाळा येईल, अशीही धास्ती आहे. आम्ही मासे आवडीने खातो. मद्य घेत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी
मद्य घेत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्हचा, म्हणजे सर्व जेवणे आणि मद्यासह पेयेही दरात धरलेल्या योजनेचा, विचारच करू नये. उरलेल्या दोहोंत मी फुल बोर्ड सुचवीन, कारण आम्ही हाफ बोर्ड घेऊन पस्तावलो. उशिरा भरपेट न्याहारी केली की दुपारी काही लागणार नाही, हा आमचा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडला. दोन तास समुद्रात पोहून आलेल्या माणसाची भूक वेगळीच असते. शेजारच्या बेटावर जाऊन स्वस्तात खावे म्हटले तर बोटीचेच भाडे जेवणाहून जड होते. शेवटी रोज दुपारी दोन सँडविच मागवू लागलो आणि बिलाकडे पाहायचे टाळू लागलो.

त्या बिलाचे गणित आधीच समजून घ्यावे. मेनूकार्डावरील दरावर १० टक्के सेवाशुल्क लागते आणि त्या बेरजेवर पर्यटन क्षेत्रासाठीचा वस्तू व सेवा कर लागतो, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे कार्डावर १०० डॉलर लिहिलेले जेवण प्रत्यक्षात १२८ डॉलर ७० सेंटला पडते. योजनांची तुलना करताना त्यांचे दर करांसह आहेत का, आणि जेवणासोबतचे पाणी व चहा-कॉफी त्यांत धरली आहे का, हे ईमेलवर लेखी विचारून घ्यावे. फुल बोर्ड म्हटले की पेयेही आलीच, असे गृहीत धरू नये.

प्रवाळ
दर्यावर्दींचे गणित बरोबर आहे, पण भूक बेताची असेल तर हाफ बोर्डही पुरते. कंटाळ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. या बेटांवर तांदूळ, पीठ, मांस, दूध आणि बहुतेक फळभाज्या बाहेरून येतात, पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवलेले असते. भोवतालच्या पाण्यातून ताजा येतो तो मासा, त्यातही ट्यूना, जो तेथील कोळी परंपरेने जाळ्याऐवजी काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. त्यामुळे दुरून आलेल्या चीज आणि स्टेकच्या मागे लागण्यापेक्षा माशाच्या तव्यापाशी उभे राहावे.

न्याहारीला ‘मास हुनी’ अवश्य मागावी: बारीक केलेला ट्यूना, खवलेले ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबाचा रस हाताने चुरडून एकत्र केलेला असतो आणि तो गरम ‘रोशी’बरोबर, म्हणजे पातळ पोळीबरोबर, खातात. आमच्या रिसॉर्टमध्ये ती बुफेच्या टोकाला एका लहानशा वाडग्यात ठेवलेली असे आणि निम्मे पाहुणे तिच्यावरून पुढे सरकत. तिसऱ्या दिवशी मी आचाऱ्याला तिच्याविषयी विचारले, तेव्हा त्याने रात्री ‘गरुधिया’, म्हणजे ट्यूनाचे निवळ सार, करून देऊ का असे आपणहून विचारले. साऱ्या मुक्कामातले तेच जेवण मला सर्वांत आवडले. बुफेऐवजी दुसऱ्या उपाहारगृहात बसायचे असल्यास हाफ बोर्डवाल्यांना बिलात ठरावीक रकमेची सूट मिळते का, हेही विचारावे. आमच्याकडे मिळाली होती.

भरती-ओहोटी
एकच भर घालतो. सी-प्लेन केवळ दिवसाउजेडी उडते. विमान दुपारी उशिरा उतरत असेल, तर पहिली रात्र मालेजवळ काढावी लागू शकते आणि रिसॉर्टमधले त्या रात्रीचे जेवण हुकते. परतीचे सी-प्लेन पहाटेचे असल्यास न्याहारी डब्यात बांधून मागावी. शिवाय काही रिसॉर्ट आपले घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. जेवणाच्या वेळा त्या घड्याळाप्रमाणे असतात.

खारावारा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचे विमान साडेचारला उतरते, म्हणजे पहिल्या रात्रीचा प्रश्न खराच आहे. फुल बोर्ड पाचच दिवसांचे लावता येईल का, असे रिसॉर्टला आजच लिहिले आहे आणि त्याच पत्रात गरुधियाबद्दलही विचारले आहे.