ओरांगउटानसाठी झाडं लावणं म्हणजे पैशाची नासाडी?

सडेतोड:
बोर्निओ बेटावर ओरांगउटान वानरांसाठी लाखो झाडं लावली म्हणून पोस्टवर पोस्ट येतायत, डोकं उठतं वाचून. जुनं जंगल तोडायचं आणि वीतभर रोपासोबत फोटो काढायचा. त्या रोपाचं झाड होईपर्यंत ओरांगउटान उरतील का? लागवड बंद करा, तो पैसा उभ्या जंगलाच्या राखणीला द्या.

रानवाट:
"लागवड बंद करा" वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. बोर्निओच्या मलेशियाकडच्या सबा राज्यातल्या किनाबतांगान नदीचा नकाशा बघा एकदा. काठाला जंगलाच्या चिंचोळ्या पट्ट्या उरल्यात, मधे तेलताडाचे, म्हणजे पामतेल देणाऱ्या ताडाचे मळे आणि मळ्यांचे चर. ओरांगउटानला पोहता येत नाही, चर आडवा आला की पलीकडचं जंगल त्याच्यासाठी संपलंच, म्हणून तर काही ठिकाणी दोरखंडाचे पूल बांधावे लागले. मादीला सात-आठ वर्षांनी एक पिल्लू होतं, मग तुकड्यात अडकलेले मूठभर प्राणी किती पिढ्या टिकणार? नुसती राखण करून ते तुकडे जोडले जाणारेत का? तिथं सुकाउ गावच्या बायका रोपं लावतात आणि खरे कष्ट लावल्यानंतरचे असतात, गवत आणि वेली सतत काढल्या नाहीत तर रोप गुदमरतं. आणि पलीकडे जायला शंभर वर्षांचं झाड लागत नाही, भरभर वाढणाऱ्या तिथल्याच जातींच्या फांद्या एकमेकींना भिडल्या तरी वाट होते.

सडेतोड:
एक चांगली जागा दाखवली म्हणून बाकीचं झाकलं जात नाही. मी एका संस्थेला झाडांसाठी पैसे दिले होते, सर्टिफिकेट आलं, झाडाचा नंबर आला, पण झाड जगलं का विचारलं तर आजतागायत उत्तर नाही. लावलेल्यांचा आकडा सगळे सांगतात, जगलेल्यांचा कोण सांगतं?

मेघना_पी:
मूळ दुखणं पामतेल आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाहीये! बिस्किटात तेच, साबणात तेच, शाम्पूत तेच. मी घरात आणणं बंद केलंय, सगळ्यांनी केलं तर मळे आपोआप थांबतील.

अण्णा:
ताई, त्याऐवजी काय आणता? तेलताड हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, ती कुठलं जंगल तोडून आणणार?

मेघना_पी:
हा युक्तिवाद कंपन्यांचा आहे, तुम्ही फक्त त्यांची भाषा बोलताय.

अण्णा:
मला कंपनीचा माणूस म्हणायचं काम नाही. मी तिकडे मळ्यावर यंत्रं दुरुस्त करायला होतो, माणसं जवळून बघितलीयत. इंडोनेशियात तेलताडाचं साधारण 40 टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, बहिष्काराने आधी तेच मरतील. मागायचंच तर नवीन जंगल न तोडता पिकवलेलं तेल मागा.

मेघना_पी:
आणि जंगल तोडलं नाही हा शिक्का कोण तपासतं?

पाणथळ:
पामतेलाचा धागा वेगळा काढा हो. बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या मध्य कालिमंतानचं कोणी का बोलत नाही? 1995 साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी भात पिकवायला साधारण 10 लाख हेक्टर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरांची दलदलीची जमीन घेतली, हजारो किलोमीटर कालवे खोदले, पाणी निघून गेलं, पीट सुकलं आणि 1997 च्या वणव्यांत जमिनीखालून पेटत राहिलं. भाताचं तर काहीच झालं नाही. तिथं आधी कालवे अडवून पाणी परत आणलं पाहिजे, नाहीतर लावलेलं सगळं पुढच्या दुष्काळात जळणार. तिथल्याच सेबांगाउ राष्ट्रीय उद्यानात हेच चाललंय, जमीन ओली राहिली की बरंचसं रान आपलं आपण उठतं. तेवढ्यापुरतं सडेतोड बरोबर आहेत, रोपं मोजणं हा उपाय नव्हे.

रानवाट:
रोपं मोजा असं मी म्हटलंच नाही, कुठं लावली ते बघा म्हणतेय.

सडेतोड:
ठीकाय, दोन तुकडे जोडणारी पट्टी असेल तर लावा. जगलेल्या झाडांचा हिशोब दाखवला तर त्या बायकांच्या मजुरीला मीही पैसे देईन. पण सुमात्रात बाटांग तोरूला काय करणार? तापानुली ओरांगउटान ही वेगळी जात असल्याचं 2017 ला जाहीर झालं, उरलेत 800 च्या आत, आणि त्यांच्याच जंगलात धरण. तिथं रोपांनी काय जोडणार?

रानवाट:
तिथं आधी बांधकाम थांबलं पाहिजे, त्यावर आपलं भांडण नाहीच. किनाबतांगानवर आहे आणि तिथून मी मागे हटणार नाही.

मेघना_पी:
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. अण्णा, शिक्का कोण तपासतं?