काडतुसं घ्यायलाही परवाना? कॅलिफोर्नियाचा प्रस्ताव 63 (2016 च्या मतदानाआधीचा धागा)

तबकडी (धागाकर्ता)
8 नोव्हेंबर 2016 च्या मतपत्रिकेवर आमच्या राज्यात प्रस्ताव 63 आहे, म्हणजे मतदारांनीच हो-नाही ठरवायचा कायदा. लेफ्टनंट गव्हर्नर गॅविन न्यूसम त्याच्यामागे आहेत. काडतुसं घ्यायची तर आधी चार वर्षांचा परवाना काढा, फी 50 डॉलरपर्यंत. ऑनलाइन मागवलं तरी माल परवानाधारक दुकानातच येणार. 2018 पासून शेजारच्या नेवाडा राज्यातून स्वतः आणणंही बंद.

मी विरोधात मत देणार आहे. मी सॅक्रामेंटोजवळ ट्रॅप खेळतो, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेमबाजी. एक फेरी म्हणजे 25 काडतुसं. रविवारी चार फेऱ्या झाल्या की शंभर संपली. 25 चा बॉक्स, दहा बॉक्सची पेटी, आणि स्पर्धेआधी दोन-तीन पेट्या घरात असतातच. पॉइंट टू-टूच्या छोट्या गोळ्यांचा तर 500 चा डबा मिळतो, मुलांना शिकवायला बसलं की एका दुपारी अर्धा रिकामा होतो. पण "घरात हजार गोळ्या सापडल्या" असं पेपरात आलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. याच राज्याच्या किम रोडनं आत्ता ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्कीटचं (हीही तबकड्यांचीच नेमबाजी) कांस्य जिंकलं. सलग सहा ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक! ते काय महिन्याला दोन बॉक्स वापरून मिळालं का?

डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेतलं गोळीबाराचं हत्याकांड घडलं, त्यानंतरचे दिवस आठवा. बंदी येणार या धास्तीनं लोकांनी टू-टूच्या गोळ्या इतक्या उचलल्या की पुढं बराच काळ दुकानांत फळ्या रिकाम्या. निर्बंधांची नुसती चर्चा सुरू झाली की साठे वाढतात. गेल्या शनिवारी माझ्या नेहमीच्या दुकानात रांग दारापर्यंत होती. माझ्या पुढचा गृहस्थ हातगाडीवर नऊ मिलिमीटरच्या पेट्या रचत होता. एवढ्या कशाला, विचारलं तर म्हणाला, "नंतर मिळतील की नाही कोणास ठाऊक."

आणि मुख्य मुद्दा. बंदूक बाळगायला मनाई आहे, पण नोंदीप्रमाणे ज्यांच्याकडे बंदूक आहे, अशा दहा हजारांहून जास्त लोकांची यादी राज्याकडे तयार आहे. आधी त्यांची दारं ठोठवा ना!

रेडलँड्सकर
सहमत नाही, अजिबात नाही. सॅन बर्नार्डिनोत गेल्या वर्षी, 2 डिसेंबर 2015 ला, गोळीबारात 14 माणसं मारली गेली. मारणाऱ्यांचं घर आमच्या रेडलँड्समध्ये. पोलिसांनी त्या घराला वेढा घातला तेव्हा माझी मुलगी शाळेत होती, आणि ती हाताला लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात पाइप बॉम्ब आणि साडेचार हजारांच्या आसपास गोळ्या निघाल्या.

तुमची पेटी कुठली आणि त्यांची कुठली, हे दुकानदारानं ओळखायचं कसं? आज राज्याचा कायदा वयापलीकडे काही विचारत नाही. लॉस एंजेलिस शहरात नोंद ठेवतात, अंगठ्याचा ठसा घेतात. संशोधकांनी तिथल्या 2004 मधल्या दोन महिन्यांच्या नोंदी तपासल्या. 2,031 गिऱ्हाइकांत 52 जण असे निघाले, ज्यांना गोळ्या घ्यायला कायद्यानंच मनाई. त्यांनी दहा हजारांवर गोळ्या नेल्या, तेही ठसा देऊन! ज्या शहरात कुणी विचारतच नाही तिथं काय चालत असेल?

तबकडी
ताई, मुलीबद्दल वाचून काटा आला. पण सॅन बर्नार्डिनोच्या रायफली एका मित्राच्या नावावर घेतल्या होत्या, आणि मारणाऱ्यावर आधीचा गुन्हा नव्हता. 50 डॉलर भरून त्याला परवाना मिळालाच असता. कोलोरॅडोतल्या अरोराच्या सिनेमागृहात 2012 मध्ये 12 जणांना मारणाऱ्यानंही हजारो गोळ्या ऑनलाइन घेतल्या होत्या. त्याचीही पाटी कोरीच होती.

तळकोकण
आमच्याकडे कुडाळला शेतीसंरक्षणाची बारा बोअर बंदूक आहे. एका वेळी किती काडतुसं ठेवायची, वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. बाबा परवाना घेऊन जातात, दुकानदार नोंद करून माल देतो. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मी इथं एच-वन व्हिसावर. मला मत नाही, आणि शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर एक काडतूस जवळ बाळगणंही माझ्यासाठी गुन्हा. या अटींवर इथल्या बंदूकवाल्यांनी कधी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही.

तबकडी
ती अटही मला पटत नाही. आणि बाबांना एक विचारा: काडतुसांचा वर्षाचा कोटा संपला आणि रानडुकरं भातात शिरली, तर काय करतात? नोंदीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो हक्कासाठी आधी पैसे मोजायला लावण्याला. मला 50 डॉलर जड नाहीत. फ्रेस्नोकडच्या मळ्यावर राबणाऱ्याला आहेत.

कलमवाचक
दोघांनीही कायदा नीट वाचावा. गव्हर्नर ब्राउन यांनी जुलैतच एका विधेयकावर सही केली आहे. त्यात परवान्याऐवजी दुकानातच सरकारी नोंदींशी पडताळणी आहे, साधारण एका डॉलरमध्ये, जुलै 2019 पासून. म्हणजे 63 पडला तरी पडताळणी येणारच. नोंदवहीही नवीन नाही: 1968 च्या केंद्रीय कायद्यानं दुकानदारांना काडतुसांची नोंद ठेवावी लागत होती, 1986 मध्ये ती अट काढली.

63 मध्ये आणखी एक कलम आहे, त्यावर कुणी बोलतच नाही. गुन्हा सिद्ध होऊन मनाई लागली की त्या माणसाकडच्या बंदुका काढून घेण्याची प्रक्रिया कोर्टातूनच सुरू होणार.

रेडलँड्सकर
मग धागाकर्त्यांची ती दहा हजारांची यादी वाढू नये म्हणूनच हे कलम आहे की! याला विरोध कसा करता?

तबकडी
ते कलम वेगळं आणा, दोन्ही हातांनी मत देतो. एकाच गाठोड्यात बांधलंय म्हणून नाही म्हणतोय. आणि त्या एका डॉलरच्या पडताळणीचं सांगा. घर बदललं, नोंदीत जुना पत्ता राहिला, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं झालं, तर मशीन नकार देणार. आपली आडनावं इथल्या कागदांवर कशी उमटतात हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसानं दाद कुठं मागायची?

रेडलँड्सकर
हा प्रश्न रास्त आहे. चुकीचा नकार ठरावीक दिवसांत दुरुस्त झालाच पाहिजे, असं कायद्यात लिहून घ्या. त्यासाठी मी तुमच्याबरोबर सही करीन. पण 8 तारखेला माझं मत "हो"लाच.