तळ्यात मोरचूद टाकण्याच्या प्रस्तावाबाबत

सचिव, बी विंग : नमस्कार. सोसायटीमागच्या तळ्यावर हिरवा तवंग आला असून काल काठाशी दोन वारकरी पक्षी मेलेले आढळले. एका ठेकेदाराने मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून चार दिवसांत पाणी साफ करून देण्याचे कबूल केले आहे. प्रत्येक फ्लॅटमागे तीनशे रुपये वर्गणी काढावी, असा प्रस्ताव आहे. हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

कुलकर्णी, सी-302 : सचिवसाहेब, माझी हरकत आहे. सकाळी मी त्या तवंगात काठी घालून पाहिली. साधे शेवाळ असते तर त्याचे धागे काठीला गुंडाळून वर आले असते. हा तवंग मात्र पोपटी ऑइलपेंटसारखा काठीवरून ओघळला. असा तवंग बहुधा सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे निळ्या-हिरव्या जिवाणूंचा असतो आणि त्यांच्या काही जातींच्या पेशींत यकृत निकामी करणारे विष तयार होते. पेशी जिवंत असेपर्यंत ते बहुतांशी आतच राहते. मोरचूद पडला की पेशी फुटतात आणि सगळे विष एकदम पाण्यात उतरते. शिवाय तो मेलेला थर कुजू लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि गाळातल्या बोट्युलिझमच्या, म्हणजे पक्ष्यांना लुळे करून मारणाऱ्या विषबाधेच्या, जिवाणूंचे फावते. नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी ह्याच बोट्युलिझमने मेले. तिथली परिस्थिती वेगळी होती. परंतु मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्या खाऊन पुढचा पक्षी मरतो, हे चक्र एकदा सुरू झाले की आवरणे कठीण जाते.

सौ. मांडके, ए-104 : काका, मोरचूद नको हे पटले. परंतु पाण्याखाली जी हायड्रिला माजली आहे, तिच्यावर तरी तणनाशक मारायला काय हरकत आहे?

कुलकर्णी, सी-302 : ताई, नेमकी हायड्रिलाचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात डीग्रे नावाचा तलाव आहे. 1994-95 च्या हिवाळ्यात तिथे पांढऱ्या डोक्याचे 29 गरुड मेलेले सापडले. त्यांच्या मेंदूत सूक्ष्म पोकळ्या पडल्या होत्या. तिथले वारकरी पक्षीही तोल जाऊन पाण्यात गोल गोल फिरत होते आणि असे दुबळे सावज गरुडांच्या तावडीत आयतेच सापडत होते. कारण हाती लागायला पंचवीसेक वर्षे गेली. सुझन वाइल्ड आणि टिमो निडरमायर या शास्त्रज्ञांच्या गटांनी 2021 मध्ये दाखवून दिले की, हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक सायनोबॅक्टेरिया ह्याला कारणीभूत आहे. गंमत अशी की, प्रयोगशाळेत वाढवल्यावर तो निरुपद्रवी ठरत होता. पाण्यात ब्रोमाइड मिसळले तेव्हाच त्याने विष तयार केले. हे ब्रोमाइड तलावात कुठून येत असावे, ह्याचा विचार करताना शास्त्रज्ञांनी ज्या गोष्टींकडे बोट दाखवले, त्यांत हायड्रिला मारण्यासाठी वापरले जाणारे ब्रोमाइडयुक्त तणनाशकही होते. आपल्या तळ्यात तसेच घडते आहे असे मी म्हणत नाही. पण डब्यात काय आहे हे न विचारता तो पाण्यात ओतण्याची घाई आपण करू नये.

पाटील, डी-501 : मग उपाय काय? नुसते बघत राहायचे का?

कुलकर्णी, सी-302 : नाही. मेलेले पक्षी उघड्या हाताने न उचलता वनविभागाच्या 1926 ह्या क्रमांकावर कळवावे, म्हणजे शवविच्छेदन होऊन खरे कारण समजेल. ते दोन पक्षी तवंगामुळेच मेले, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. पाटीलसाहेब, आपला ब्रूनो रोज तिथे पाण्यात उतरतो, ते आजपासून बंद करावे, कारण हे पाणी पिऊन आणि केस चाटून कुत्री दगावल्याची उदाहरणे आहेत. तवंग पोसला जातो तो फॉस्फरस आणि नायट्रोजनवर, आणि ह्या दोन्ही गोष्टी सांडपाण्यात भरपूर असतात. आपला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, नीट चालतो की रात्री नाल्यात सरळ पाणी सोडले जाते, हे वर्गणी काढण्याआधी पाहायला हवे. तो नाला तळ्यालाच मिळतो.

सौ. मांडके, ए-104 : आमच्या गॅलरीतून तो नाला दिसतो. रात्री अकरानंतर त्याला फेस आलेला असतो, हे मी मागच्या सभेतही सांगितले होते.

सचिव, बी विंग : वर्गणीचा प्रस्ताव तूर्त स्थगित करत आहे. 1926 वर मी आत्ताच फोन करतो. एसटीपीची नोंदवही आणि देखभालीची बिले रविवारच्या सभेत ठेवण्यात येतील. त्यांतले एखादे सापडले नाही, तर तेही सभेतच सांगेन.