तक्रार ‘निकाली’ ठरवण्याचा अधिकार कोणाचा असावा?

धागाकर्ता

कोकण किनाऱ्यावरील आमच्या नगर परिषदेत तुंबलेल्या गटाराची किंवा बंद पथदिव्याची लेखी तक्रार दिली की शिक्क्याची पोच मिळते आणि काही दिवसांनी ‘संबंधित विभागाकडे वर्ग, तक्रार निकाली’ असे उत्तर येते. दरम्यान कोणी जागेवर येऊन पाहणी केली का, काम का झाले नाही आणि ते कधी होईल, याचा त्यात उल्लेख नसतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आल्यापासून दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना मुदत आहे. ती टळल्यास विभागातच दोन अपिले, त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील आणि दोषी अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. जन्मदाखल्याच्या बाबतीत जी शिस्त शक्य झाली, ती ऐन पावसात घरात शिरणाऱ्या गटाराच्या पाण्याबाबत का शक्य होऊ नये? माझी मागणी अशी की, तक्रारदाराने काम झाल्याचे मान्य केल्याखेरीज तक्रार निकाली धरू नये, आणि काम होणार नसेल तर कनिष्ठ अभियंत्याने त्याचे कारण स्वतःच्या सहीने लेखी द्यावे.

प्रतिसाद : निवृत्त कर्मचारी, पाणीपुरवठा विभाग

आपली तळमळ मला समजते, परंतु मागणी मान्य नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडत असला तरी उतार आणि सच्छिद्र जांभा यांमुळे त्यातील बहुतेक पाणी समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरींनी तळ गाठला की नळपाणी योजनेवरचा ताण एकदम वाढतो. अशा वेळी चढावरील, वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरातून ‘पाणी कमी दाबाने येते’ अशी तक्रार आली, तर व्हॉल्व्ह फिरवून ती सुटत नाही. त्यासाठी साठवण टाकी आणि पंप हवा, म्हणजे आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, सभेची मंजुरी आणि निविदा. तक्रारदाराच्या संमतीपर्यंत अशी प्रत्येक तक्रार उघडी ठेवली, तर फुटलेल्या वाहिनीची आजची तक्रार त्याच ढिगात दबून जाईल. पथदिव्यांबाबत तर अनेक ठिकाणी खांब महावितरणचा आणि दिवा नगर परिषदेचा असतो. तेथे ‘वर्ग केली’ हे उत्तर टाळाटाळीचेच असते, असे नाही.

प्रतिसाद : वरच्या वाडीतील रहिवासी

काका, आपण दोघेही कागदाविषयी बोलत आहात. आमच्या पाखाडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरचा, दिवा बंद असला की सर्वांत आधी त्रास होतो तो पहाटे अंधारात मासळीच्या लिलावाला निघणाऱ्या बायकांना, आणि त्यांच्यापैकी कोणीही आवक-जावक विभागात अर्ज घेऊन जाणार नाही. मुलगे मुंबईला आणि घरात एकटी आई, अशी घरे आमच्याकडे कितीतरी आहेत; तीही अर्ज लिहिणार नाही. लेखी तक्रारींवरून कामाचा क्रम ठरू लागला, तर जेथे लिहिणारे निवृत्त लोक राहतात त्याच आळीची गटारे आधी साफ होतील. आम्हाला तक्रार सांगायला माणूस लागतो. 2021 च्या अखेरीपासून राज्यातील अनेक नगर परिषदांवर प्रशासक होते आणि निवडणुका थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. त्या काळात वाडीत येऊन उभा राहील असा नगरसेवकच नव्हता. लेखी पद्धत तेव्हाही चालू होती, पण आमच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

प्रतिसाद : मुंबईस्थित, मूळ घर याच शहरात

ताई, आपल्या अडचणीबद्दल दुमत नाही. उपायाबद्दल मात्र आहे. नगरसेवकाला तोंडी सांगून झालेल्या कामाची नोंद कोठेही राहत नाही, आणि ज्याची त्यांच्याशी ओळख नाही किंवा ज्याने दुसऱ्या पक्षाचे काम केले, त्याने कोणाकडे जावे? गणपतीच्या तोंडावर आम्ही चाकरमानी ओरडलो की खड्डे बुजतात, हे मला समाधानाचे वाटत नाही, कारण त्याच रस्त्यावरून बारा महिने चालणाऱ्यांचे म्हणणे तोवर कोणी ऐकलेले नसते. गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि तेथे ग्रामस्थ उभा राहून प्रश्न विचारतो. आमच्या प्रभागात नागरिकांची तशी सभा झाल्याचे मला आठवत नाही.

धागाकर्ता

दोन मुद्दे मला पटले. निधीअभावी थांबलेल्या तक्रारींसाठी ‘प्रलंबित’ असा वेगळा वर्ग असावा, म्हणजे त्या फुटलेल्या वाहिनीच्या आड येणार नाहीत. दुसरे असे की, घंटागाडीसोबत दररोज वाडीत येणाऱ्या मुकादमाकडे नोंदवही द्यावी आणि तोंडी तक्रार त्यानेच लिहून घेऊन तिचा क्रमांक सांगावा. मात्र खांब कोणाचा आणि दिवा कोणाचा, हे ठरवण्याचे ओझे तक्रारदारावर का? ‘वर्ग केली’ असे लिहिताना कोणाकडे, कोणत्या तारखेला आणि त्यांचे उत्तर काय आले, हे लिहिण्यास निधी लागत नाही. लेखी कारणाची मागणी मी सोडणार नाही.

प्रतिसाद : निवृत्त कर्मचारी, पाणीपुरवठा विभाग

मुकादमाच्या वहीला माझा पाठिंबा आहे, फक्त ती दर आठवड्याला कार्यालयात कोणी तपासायची हे आधी ठरवा. कनिष्ठ अभियंत्याच्या सहीला मात्र माझा विरोध कायम आहे. निधी द्यायचा की नाही हे सभा ठरवते, देयकावर सही मुख्याधिकारी करतात, आणि ‘काम होणार नाही’ या कागदाखाली नाव मात्र ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसाचे. कारण लेखी द्यायचेच असेल, तर ते मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने द्यावे.