ड्रिप कॉफी मेकर घेताय? आधी वॅटला लिटरने भागा

पाऊणकप:
ड्रिप कॉफी मेकर, म्हणजे कॉफीच्या पुडीवर गरम पाणी आपोआप सोडणारं यंत्र, निवडताना बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. टायमर आहे का, पडदा आहे का, ओट्यावर शोभेल का. माझं म्हणणं, खोक्यावरचे दोनच आकडे आधी बघा: वॅट आणि टाकीचे लिटर. वॅटला लिटरने भागा. उत्तर ७०० च्या बरंच खाली आलं तर यंत्र कितीही देखणं असो, सोडून द्या.

कारण साधं आहे. १ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ९३ वर न्यायला साधारण २८५ किलोज्यूल उष्णता लागते. ९०० वॅटची कॉइल हे सव्वापाच मिनिटांत करते, ६०० वॅटची जवळपास आठ मिनिटं घेते. वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही. आता '१२ कप' छापलेलं १.८ लिटरचं यंत्र घ्या आणि त्यात ९०० वॅटची कॉइल असली तर हिशोब करा: भरलेली टाकी रिकामी व्हायला साडेनऊ मिनिटं, प्रत्यक्षात दहाच्या वर. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या निकषात पाण्याचा आणि कॉफीचा संपर्क ४ ते ८ मिनिटं, तापमान ९२ ते ९६ अंश. त्यापुढे धार चालू राहिली की भांड्यात उतरतो तो नुसता कडवटपणा.

मोकामास्टर या ड्रिप यंत्राचं एवढं कौतुक होतं त्यामागे जादू नाही. १.२५ लिटरला १४०० च्या आसपास वॅट, तांब्याची कॉइल, सुमारे सहा मिनिटांत काम तमाम. ना पडदा, ना घड्याळ.

नेमका_चमचा:
भागाकार मान्य, पण त्यातून निघणारा सल्ला अर्धवट. तुमच्याच सूत्राने ०.६ लिटर आणि ६०० वॅटचं छोटंसं यंत्र १००० वर जातं, म्हणजे पास! मग मोठ्या, महागड्या यंत्रामागे का लागायचं? दोन माणसांना एका वेळी अर्धा लिटर पुरतो.

मोठ्या यंत्रात अर्धा लिटर करून बघा, काय होतं ते कळेल. लिटरला ५५ ग्रॅम धरले तर अर्ध्या लिटरला २७-२८ ग्रॅम पूड. ती १२ कपांच्या रुंद, सपाट बास्केटमध्ये (पूड ठेवायच्या कप्प्यात) पसरली की थर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ. पाणी थांबतच नाही, सरळ आरपार. थर साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर जाड हवा. म्हणून पहिला प्रश्न वॅटचा नाही. रोज एका वेळी नेमके किती मिली पिणार, हा आहे. टाकी त्याच्या दीडपटीहून मोठी घेऊ नका. मोठं यंत्र घ्यायचंच असेल तर निमुळत्या बास्केटचं घ्या, थोड्या पुडीलाही त्यात खोली मिळते.

आणि खोक्यावरच्या 'कप'वर विश्वास ठेवू नका. कुणाचा कप १२५ मिलीचा, कुणाचा १५० चा. घरातला मग २५० ते ३०० मिलीचा असतो. '१० कप' म्हणजे चार-पाच मग, बस्स.

वाफेचा_हिशोब:
पाऊणकप, तुमच्या मांडणीत एक गफलत राहिलीय. वॅट कमी म्हणून पाणी गार येतं असा अर्थ कुणी काढू नये. या यंत्रांत पंप नसतो. टाकीतलं पाणी एकमार्गी झडपेतून खालच्या यू-आकाराच्या नळीत उतरतं. नळीला कॉइल चिकटलेली. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे त्याला वर ढकलतात, मागे झडप बंद होते म्हणून ते टाकीत परत जाऊ शकत नाही. तो 'गुडूऽ गुडूऽ' आवाज याचाच. म्हणजे वॅट कमी असोत की जास्त, पाणी उकळल्याशिवाय वर चढतच नाही. कमी वॅटने फक्त धार मंदावते.

पाऊणकप:
बरोबर, पण मंद धारेचा परिणाम पुढे आहेच की. पाणी उभ्या नळीतून, फवाऱ्यातून आणि बास्केटच्या गार प्लास्टिकमधून जातं. धार बारीक असेल तर वाटेतच उष्णता जाते आणि पुडीपर्यंत पोचेतो पाणी ९० च्या खाली येतं. सुरुवातीचं पाणी तर हमखास. म्हणून मोजायचं असेल तर तापमापकाचं टोक पुडीच्या थरात हवं. भांड्यात मोजून '८२ च आलं, यंत्र बाद' म्हणण्यात अर्थ नाही, भांड्यात तेवढंच यायचं.

नेमका_चमचा यांचा थराचा मुद्दा मात्र मी लिहायला हवा होता. मान्य.

दळण_आधी:
तुम्ही दोघंही यंत्रावर भांडताय आणि पूड कशी दळली याचा पत्ता नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पात्याचा ग्राइंडर बिया दळत नाही, तोडतो. निम्मी धूळ, निम्मे खडे. धूळ कागदाची छिद्रं बुजवते, पाणी तुंबतं, बास्केट भरून वाहते आणि ओट्यावर चिखल. मग लोक यंत्र बदलतात! खड्यांतून काही उतरत नाही, धुळीतून कडू उतरतं; एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही. माझा क्रम असा: आधी बर (दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणारा) ग्राइंडर, मग एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, उरलेल्या पैशांत मिळेल ते ड्रिप यंत्र. दळण जाडसर रेतीसारखं.

यंत्रातच ग्राइंडर असलेली मॉडेल्स तर टाळाच. पूड पडायची वाट बास्केटच्या डोक्यावर असते आणि तिथूनच वाफ वर चढते. पूड ओलसर होऊन त्या वाटेत चिकटते. साफ न करता आठवडा गेला की शिळ्या तेलाचा वास पक्का. शिवाय ग्राइंडर बिघडला की कॉफी मेकरही गेला, कॉफी मेकर बिघडला तर ग्राइंडरही.

पाऊणकप:
एकदम असहमत, निदान क्रमाशी तरी. चांगलं दळण वाईट फवाऱ्याला वाचवू शकत नाही.

कुणाकडे यंत्र असेल त्यांनी पुढच्या वेळी कॉफी झाल्यावर बास्केट उघडून चोथा बघा, फेकायची घाई करू नका. थर सपाट, सगळीकडे सारखा काळपट ओला आणि कडेला कागदावर पुडीची पातळ रेघ, म्हणजे पाणी नीट पसरलं. मध्ये खळगा पडलाय आणि कडेची पूड फिकट, बोट लावलं तर आतून जवळजवळ कोरडी, म्हणजे फवारा एकाच ठिकाणी धार सोडतोय. मधली पूड धुऊन निघाली, कडेची वापरलीच गेली नाही. २८ ग्रॅम टाकले, कामाला आले १८. इथे जगातला सर्वोत्तम ग्राइंडर काय करणार? म्हणून दुकानात झाकण उघडून फवाऱ्याची भोकं मोजा. एकच भोक असेल तर नको.

दळण_आधी:
एका भोकावर उपाय आहे, फुकटचा. यंत्र चालू करा, सगळी पूड भिजेल एवढं पाणी पडलं (पुडीच्या वजनाच्या साधारण दुप्पट) की बटण बंद. चमच्याने हलकेच ढवळा म्हणजे कोरडे गोळे फुटतील. ३० ते ४५ सेकंद थांबा, ताज्या कॉफीतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो. मग पुन्हा चालू. अर्ध्यावर अजून एकदा ढवळलं तर खळगा पडतच नाही. मोठ्या यंत्रांत 'प्री-इन्फ्युजन' म्हणून जे विकतात ते हेच. ढवळताना कागद फाडू नका आणि कागद आधी पाण्याने भिजवून बास्केटला चिकटवा, नाहीतर त्याची भिंत आत कोसळते आणि पूड थेट भांड्यात.

पाऊणकप:
म्हणजे स्वयंचलित यंत्र घ्यायचं आणि चमचा घेऊन शेजारी उभं राहायचं. वा!

हातधार:
तेच म्हणतोय. उभंच राहायचं असेल तर केटल आणि कागद बसवायचा साधा कोन घ्या, यंत्र हवंच कशाला?

नेमका_चमचा:
हातधार, एका मगापुरतं तुमचं खरं. ३०० मिलीपर्यंत हाताने ओतलेली कॉफी कुठलंही घरगुती यंत्र हरवू शकणार नाही. अर्ध्या लिटरच्या पुढे मात्र पाच-सहा मिनिटं केटल धरून एकसारखी धार ठेवायची, तीही सकाळी घाईच्या वेळी? त्यासाठीच यंत्र.

थर्मासवाली:
भांड्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि घरात खरा फरक तिथेच पडतो. काचेचं भांडं गरम तव्यावर बसून राहतं. वीस मिनिटांनी कॉफी उतरायला लागते, तासाभराने ती आंबट-कडू काढा होते. तवा गरम राहिला की क्लोरोजेनिक आम्लं तुटून क्विनिक आणि कॅफेइक आम्लं होतात, पाणीही उडतं. स्टीलचं दुहेरी भिंतीचं थर्मास भांडं असेल तर तवा लागतच नाही. घरी सगळे एका वेळी पीत नाहीत, एक सातला उठतो, एक साडेआठला. थर्मास नसलेलं यंत्र घेऊच नये या मताची मी आहे.

नेमका_चमचा:
ताई, थर्मासचे तोटेही सांगा की. गार स्टीलमध्ये अर्धा लिटर कॉफी पडली की पहिल्याच मिनिटाला काही अंश तिथेच गेले. तोंड अरुंद, हात आत जात नाही, आत तेलाचा तपकिरी थर बसतो आणि वरून दिसतही नाही. पुष्कळ झाकणांत कॉफी आत पडायची झडप असते. झाकण अर्धा वळसा कमी फिरलं तरी बास्केटची थेंब-रोध झडप उघडत नाही आणि सगळं पाणी वरून सांडतं. काचेत निदान किती झालं ते दिसतं. काचेचं भांडं, तवा बंद करायचं वेगळं बटण, आणि झाली की पंधरा मिनिटांत संपवायची. छोटं यंत्र असेल तर परत ताजी करायला चार मिनिटं पुरतात.

थर्मासवाली:
वेगळं बटण हवं म्हणता, पण साध्या यंत्रात तव्याला वेगळी कॉइल नसतेच. पाणी तापवणारी कॉइलच तव्यालाही चिकटलेली असते, म्हणून तवा बंद म्हणजे यंत्र बंद. मग कॉफी झाली की बटण बंद करा आणि भांडं लगेच रिकामं करा, एवढाच मार्ग. जमेल त्याने करावं.

थर्मास आधी उकळत्या पाण्याने दोन मिनिटं भरून ठेवला तर तुमचे ते 'काही अंश' परत येतात. तेलाच्या थराला सोडियम परकार्बोनेटचा एक चमचा, वरून गरम पाणी, अर्धा तास; घासावं लागत नाही. झाकण मात्र तेव्हा घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

आणि भांडं कुठलंही असो, वाढण्याआधी एकदा फिरवून घ्या. पहिली धार सगळ्यांत दाट, ती तळाशी बसते. न ढवळता वाढलं तर पहिला कप पांचट, शेवटचा जहाल, आणि दोष पुन्हा यंत्राला!

झडप:
इथे सगळे चवीवर बोलताहेत. दोन वर्षांनी यंत्र चालू असेल का, यावर एक शब्द नाही. माझा पहिला निकष: आतलं किती दिसतं, किती निघतं.

टाकी सुटी निघावी. पक्की टाकी धुता येत नाही, झाकण लावून ठेवलं की आत बुळबुळीत थर येतो. बास्केट, भांडं आणि झाकण सुटं विकत मिळतं का बघा. काचेचं भांडं फुटणारच आहे. टायमरचं कौतुक तर मला कळत नाही. रात्रभर उघडी पूड वास घालवत बसते आणि पाणी टाकीत शिळं होतं.

खरा शत्रू क्षार. जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट त्या यू-नळीत आतून बसतो. आधी वेळ वाढते, आवाज वाढतो, वाफ जास्त आणि पाणी कमी, शेवटी टाकीत थोडं पाणी उरायला लागतं. कॉइलची उष्णता पाण्यात न जाता नळीतच अडकते, थर्मल फ्यूज उडतो आणि यंत्र कायमचं गप्प. उपाय: १ लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. अर्धं चालवा, बंद करा, १५-२० मिनिटं थांबा, उरलेलं चालवा. मग दोन वेळा साधं पाणी. रात्रभर आत ठेवू नका, नळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. व्हिनेगरनेही होतं, पण वास जाता जात नाही.

एक ओळखायची खूण: कॉइल तापतेय, पण पाणी वर चढत नाही, उलट टाकीतच बुडबुडे येताहेत आणि टाकीतलं पाणी गरम लागतंय. हा क्षार नाही, एकमार्गी झडपेत कचरा अडकलाय. प्लग काढा, गार होऊ द्या, टाकी उलटी करून भोकावर पाण्याची जोरदार धार मारा. बऱ्याचदा एखादा कॉफीचा कणच निघतो. म्हणून भांड्यातल्या उरलेल्या कॉफीने टाकी भरायची नाही आणि कॉफीचं भांडं न धुता त्याने पाणीही ओतायचं नाही.

पाऊणकप:
हे शेवटचं वाक्य प्रत्येक यंत्रावर छापायला हवं. काच भरून टाकीत ओतायची सवय सगळ्यांनाच असते.

कागद_की_जाळी:
एक छोटा प्रश्न. यंत्रासोबत धातूची जाळी आली असेल तर कागद घ्यावा का?

दळण_आधी:
घ्यावा. जाळीतून तेल आणि बारीक धूळ दोन्ही उतरतात, कप जड आणि गढूळ होतो. काहींना तो आवडतो, हरकत नाही. पण कागद कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल अडवतो, आणि ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने कागदच वापरावा. मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली टिपकागदातून गाळायला सुरुवात केली ती चोथ्याच्या त्रासाला कंटाळून. जाळी वापरणार असाल तर दळण एक पायरी जाड ठेवा.

पाऊणकप:
दोन माणसं, सकाळी अर्धा लिटर, एवढीच गरज असेल तर नेमका_चमचा यांचं छोटं यंत्र माझ्या सूत्रातही बसतं, तेच घ्या. चार माणसांचा एक लिटर असेल तर मी १००० वॅटच्या खाली उतरणार नाही आणि दळण_आधी यांचा क्रम अजूनही उलटाच समजेन.

घेतल्यावर पूड न घालता, टाकीच्या सर्वांत वरच्या खुणेपर्यंत पाणी भरून एकदा चालवा. पहिला थेंब पडल्यापासून धार थांबेपर्यंतची वेळ घड्याळावर मोजून झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच खूण, तेच पाणी. मिनिटभर वाढलं असेल तर सायट्रिक अ‍ॅसिड काढा.

दळण_आधी:
वेळ मोजाल ते ठीक. पूड घालाल तेव्हा बोलू.